शेवटी बाहेर पडणाऱ्याने

मुरलीधरराव कुंभोजकरांनी मंगळवारी सकाळी अकरा वाजता मधल्या खोलीचा दिवा बंद केला, आणि दिव्याबरोबर खोलीही बंद झाली. ते नेहमीप्रमाणे खोलीबाहेर येऊन, हात मागे आत घालून बटण दाबत होते. हात सुखरूप परत आला. दाराच्या जागी भिंत होती, पॅसेजच्या बाकीच्या भिंतीसारखीच फिकट पिस्ता रंगाची, आणि तिच्यावर ते बटण तेवढं उरलं होतं. त्यांनी ते पुन्हा दाबून पाहिलं. बटण खाली गेलं, वर आलं. भिंत भिंतच राहिली.

तीस वर्षं ते हा दिवा असाच बंद करत आले होते आणि कधी काही झालं नव्हतं. पण सवय लोणच्यासारखी असते, तिला मुरायला वेळ लागतो.

त्यांच्या पत्नी कुमुदताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी भिंतीवरून एकदा तळवा फिरवला आणि आत काय काय होतं ते विचारलं. मुरलीधररावांनी आठवून सांगितलं, दोन गोधड्या, शिवणाचं मशीन, पाहुण्यांची गादी, जुनी पंचांगं. वापरात काहीच नव्हतं. झाडायला एक खोली कमी झाली, असंही ते म्हणाले.

"मशीनच्या मागं एक पाल होती," कुमुदताई म्हणाल्या.

पाल दोन दिवस भिंतीतून चुकचुकत राहिली. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. घरातल्या माणसांचं बघून तीही काटकसर शिकली असेल, असं मुरलीधररावांना वाटलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं.

मुरलीधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पृथ्वीवर आपला भार कमीत कमी पडू द्यायचा. सांगलीतल्या त्यांच्या सोसायटीत पुष्कळांनी असं ठरवलं होतं. फरक इतकाच की ते बोलले तसे वागले. अंघोळ अर्ध्या बादलीत. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, भाजीचं तुळशीला. दूध पिशवीतलं नाही, डेअरीवर किटली घेऊन जायचं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. बनियन फाटला की त्याचं फडकं, फडकं विटलं की पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या बाल्कनीतल्या खताच्या ड्रममध्ये. त्या घरातून बनियन कधी बाहेर गेला नाही. खाली घंटागाडी यायची तेव्हा इतरांच्या बादल्या भरून वाहत असत आणि कुंभोजकरांकडून महिन्यातून एकदा मूठभर काहीतरी, तेही कागदात गुंडाळून.

"अति तेथे माती," कुमुदताई म्हणायच्या.

"माती तर हवीच आहे," असं मुरलीधरराव खताच्या ड्रमकडे बघत अगदी मनापासून म्हणायचे.

पण त्यांचा खरा जीव दिव्यांत होता. बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून लावलं होतं, 'शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा बंद करावा.' त्यांची एकुलती मुलगी केतकी अक्षरओळख शिकली ती या पाटीवर. पॅसेजच्या दिव्याचं बटण घर बांधताना वायरमनने चुकून तिच्या खोलीच्या आत, दाराशेजारी बसवलं होतं. ते बदलून घ्यायचं राहून गेलं, आणि मग त्याचीच सवय झाली. रोज झोपायच्या वेळी केतकी आतून ते बटण दाबायची. हात भरलेले असतील तर कोपराने दाबायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं. पॅसेज अंधारला की हॉलमधून मुरलीधरराव म्हणायचे, "शाबास." तिचं लग्न होईपर्यंत एक रात्र याला खंड नव्हता. लग्नानंतर पॅसेजचा दिवा कुणी लावेनासं झालं. स्वयंपाकघरातला उजेड तिथं पुरायचा.

मधली खोली गेली त्याच महिन्यात सोसायटीने मुरलीधररावांना 'हरित घर' असं प्रमाणपत्र दिलं. सेक्रेटरींनी भाषणात सांगितलं की या कुटुंबाने गरजा कमी करून दाखवल्या, आता खोल्याही कमी केल्या. टाळ्या झाल्या. मुरलीधररावांनी खोलीचं श्रेय नाकारलं नाही.

दोन दिवसांनी केतकीचा फोन आला. आठवा महिना लागला होता आणि येत्या गुरुवारी जावई तिला आणून सोडणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. कुमुदताई त्याच संध्याकाळी डिंक आणि अळीव आणायला गेल्या.

मुरलीधररावांनी केतकीची खोली स्वतः तयार केली. जळमटं काढली, पलंगाला ऊन दाखवलं, आतलं बाथरूम घासलं. छताच्या कडीला पाळण्याचे दोर बांधून ओढून पाहिले. कुमुदताईंच्या मोतिया रंगाच्या जुन्या साडीचा पडदा खिडकीला लावला. ही खिडकी पूर्वेची. सकाळी सातला ऊन थेट पलंगावर यायचं. सगळं झाल्यावर ते दारात उभे राहून बघत राहिले. फार दिवसांनी त्यांना कशाचा तरी निखळ आनंद झाला होता. मग ते बाहेर आले, हात मागे आत घातला आणि दिवा बंद केला.

या वेळी भिंतीवर दोन बटणं उरली, एक खोलीचं आणि एक पॅसेजचं.

कुमुदताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी निवडत असलेल्या अळिवाचं ताट खाली ठेवलं आणि त्या भिंतीसमोर जमिनीवर बसून राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुरलीधररावांना वाटलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत ते बटण शेकडो वेळा दाबलं. बोटाला फोड आला.

दुसऱ्या दिवशी बापू माने वायरमन आला. त्याने बटण उघडलं, टेस्टर लावला, टेस्टर पेटला.

"करंट आलाय की साहेब," तो म्हणाला. "खोली न्हाई आली."

मुरलीधररावांनी उपाय विचारला. बापूने टेस्टर खिशाला लावला आणि घरभर एक फेरी मारली. घर आता लहानच होतं, फेरी लवकर संपली.

"घराला सवय लागलीय बघा. म्हशीचं बी असंच असतंय, येकदा पेंड कमी केली की दूध बी कमी. येवढ्यात भागतंय म्हटल्यावर घर जास्त कशाला घेईल? येक सोडा, येक मिळंल. पर बाहेरनं बंद करायचं. आत उभं राहून केलं तर नुसता अंधार पडंल."

एवढं सांगून तो चहा न घेता गेला, कारण चहा झाकून मुरत ठेवला होता आणि कुंभोजकरांकडे तो मुरायला पंधरा मिनिटं लागत.

दोघांनी हॉल सोडायचं ठरवलं. बाल्कनी हॉललाच लागून होती, तेव्हा तीही जाणार होती. बाहेरचं दार पॅसेजमध्ये उघडत होतं, ते तेवढं राहणार होतं. खताचा ड्रम, कपडे वाळत घालायची दोरी आणि मुरलीधररावांची घडीची लोखंडी खाट पॅसेजमध्ये आणली. प्रमाणपत्रही काढून आणलं आणि ड्रमच्या वर खिळ्याला टांगलं. बाकीचं तिथंच राहू दिलं. मुरलीधररावांनी पॅसेजमध्ये उभं राहून हॉलचं बटण दाबलं, आणि पॅसेजच्या दुसऱ्या बाजूला केतकीच्या खोलीचं दार आलं.

दार कमरेएवढंच होतं. वाकून आत गेल्यावर खोली पूर्वीच्या निम्मीच होती. पलंग आला होता, पाळण्याची कडी आली नव्हती, बाथरूम आलं नव्हतं. मोतिया पडदा आला होता. मुरलीधररावांनी तो बाजूला सारला तर मागे गिलावा होता.

गुरुवारी केतकी आली. हातात डोहाळेजेवणाचा हिरवा चुडा होता, पाय सुजले होते. जावयांनी बॅगा आत ठेवल्या, उभ्या उभ्याच पाणी घेतलं आणि ते ट्रक लागायच्या आत घाट ओलांडायचा म्हणून निघाले. केतकीने पॅसेजमध्ये इकडेतिकडे पाहिलं.

"हॉल कुठं गेला?"

"बंद केलाय," मुरलीधरराव म्हणाले.

"बरं केलंत. दोघांना काय करायचाय एवढा हॉल," ती म्हणाली आणि पोट सांभाळत वाकून आपल्या खोलीत गेली.

मुलीला यातलं काही सांगायचं नाही, असं नवराबायकोंनी न बोलताच ठरवलं होतं. अवघडलेल्या बाईला घोर लावू नये. तिला फक्त इतकंच सांगितलं की तुझ्या खोलीतलं पॅसेजचं बटण बंद करू नकोस, तो दिवा जळू दे. कारण पॅसेजला तेवढाच एक दिवा होता, आणि बटण खोलीच्या आत म्हणजे पॅसेजच्या बाहेर होतं; ते दाबलं असतं तर पॅसेजच गेला असता. केतकीने वडिलांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

चोवीस तास जळणाऱ्या त्या दिव्याखाली मुरलीधररावांना झोप लागत नसे. ते खाटेवर पडून त्याच्याकडे बघत राहत. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. आता खाट अर्धी दुमडूनच मावायची म्हणून ते पाय पोटाशी घेऊन झोपत, कारण पॅसेजही हळूहळू अरुंद होत चालला होता. पण त्यांची तक्रार नव्हती. लेक भिंतीपलीकडे निजली होती आणि तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

पाळण्याला कडी हवी होती, तेव्हा स्वयंपाकघर द्यावं लागलं.

कुमुदताईंनी त्याला आठ दिवस घेतले. शेगडी आणि सिलिंडर पॅसेजमध्ये आलं, कुकर, कढई, मसाल्याचा डबा, लाडवांचे डबे. वरच्या फळीवरची तांब्या-पितळेची भांडी त्यांनी पुसून परत जागेवर ठेवली. शेवटच्या दिवशी सकाळी त्या सगळं झालं म्हणून बाहेर आल्या, देवांना हात जोडावेत तसे दाराला जोडले, आणि एकदम वळून पुन्हा आत गेल्या. विरजण राहिलं होतं. सासूबाईंच्या वेळेपासूनचं विरजण, रोजच्या रोज पुढं चालत आलेलं.

मुरलीधरराव त्या वेळी पाळण्याच्या कडीचा विचार करत होते. खोलीतून माणूस बाहेर आलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा हात आपोआप उठला आणि बटणावर गेला.

"अहो," कुमुदताई आतून म्हणाल्या. "मी आत आहे."

"माहीत आहे मला," मुरलीधरराव म्हणाले.

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला आणि तो दुसऱ्या हातात धरून ठेवला. कुमुदताई विरजणाचं भांडं घेऊन बाहेर आल्या, त्यांच्याकडे न बघता त्यांच्या शेजारून गेल्या आणि भांडं शेगडीमागे ठेवलं. मग त्यांनी स्वतःच स्वयंपाकघर बंद केलं. पुढे दोन दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलल्या.

केतकीच्या खोलीचं दार डोक्याएवढं झालं. कडी आली. पॅसेजच्या टोकाचं बाथरूम दिल्यावर आतलं बाथरूम आलं, गरम पाण्यासकट. मुलगी दवाखान्यात झाली, पहाटे, सुखरूप. चौथ्या दिवशी तिला घरी आणलं. तेव्हा कुंभोजकरांच्या घरात एक खोली आणि एक पॅसेज होता. खोलीत केतकी, बाळ आणि रात्रीपुरत्या कुमुदताई. पॅसेजमध्ये शेगडी, ड्रम, दोरीवर वाळणारी दुपटी आणि खाटेवर मुरलीधरराव. घंटागाडीला द्यायला त्या महिन्यात काहीच निघालं नाही.

बाळ पिवळसर होतं. सहाव्या दिवशी जास्त दिसायला लागलं, डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, काळजीचं नाही, पण सकाळचं कोवळं ऊन रोज दाखवा, चुकवू नका. बाळ दूध ओढेनासं झालं होतं. केतकीने मोतिया पडदा बाजूला केला आणि गिलावा पाहून परत सोडला.

"खिडकी होती ना इथं?"

"यायची आहे अजून," मुरलीधरराव म्हणाले.

गच्चीवर नेऊन आणतो, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. कुमुदताईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत, हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की पुढे बोलायला जागाच राहिली नाही. ज्या घराने सगळ्या सवयी पाळल्या त्याने हीच तेवढी मोडायची कशी, हे मुरलीधररावांनाही कळत होतं.

संध्याकाळी केतकी बाळाला घेऊन पडली होती तेव्हा त्यांनी शेगडीजवळ बसून बायकोला हळू आवाजात सांगितलं. द्यायला आता एकच जागा उरली होती, बाहेरच्या दारासकट पॅसेज. उद्या सकाळी सातच्या आत ते किटली घेऊन दुधाला बाहेर पडतील. ते गेले की केतकीने आतून पॅसेजचा दिवा बंद करायचा. ऊन वर यायच्या वेळेला खिडकी आलेली असेल.

"आणि तुम्ही?" कुमुदताईंनी विचारलं.

"मी दूध घेऊन येईन."

"कुठून?"

मुरलीधररावांनी किटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाले की खिडकीखाली उभा राहीन. भाजीवाल्याला पिशवी सोडतात तशी दोरीने पिशवी खाली सोडायची, किटली त्यात ठेवायची. तिसरा मजला काही फार उंच नाही. पुढचं पुढं बघू.

कुमुदताईंनी शेगडी विझवली. त्यांनी ट्रंकेतून दोन जुनी लुगडी काढली, त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि त्या पॅसेजच्या दिव्याखाली बसून दोरी वळत राहिल्या. मुरलीधरराव दुसरं टोक धरून बसले. बऱ्याच वर्षांत ते दोघं इतका वेळ असे समोरासमोर बसले नव्हते. दोरी पुरेशी लांब झाली तेव्हा कुमुदताईंनी तिचं वेटोळं केलं, शेगडी, विरजण आणि लाडवांचे डबे खोलीत नेऊन ठेवले, आणि जाताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "टोपी घालून उभे राहा. ऊन लागतं तुम्हाला."

केतकीला त्यांनी एवढंच सांगितलं की सकाळी बाबा गेले की आता तो दिवा बंद केलास तरी चालेल. ती म्हणाली, चला, बाबांना बरं वाटायला लागलं.

सकाळी पावणेसातला मुरलीधरराव उठले. पॅसेज इतका अरुंद झाला होता की खाट दुमडून उभी करावी लागली. आत बाथरूममध्ये कुमुदताई पाटावर बसून बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनमधून बाळाचं कुरकुरणं, अगदी क्षीण. मुरलीधररावांनी टोपी घातली. किटली घेतली, कापडी पिशवी घेतली. बाहेरचं दार उघडून ठेवलं आणि चपला पायात सरकवायला वाकले. एकच होती. दुसरी बहुतेक ड्रमच्या मागे गेली होती.

नव्या चपला ही त्यांच्या दृष्टीने चैन होती. ही जोडी त्यांनी सहा वेळा शिवून घेतली होती. एका पायाने अनवाणी जाणं, एक चप्पल इथंच टाकून देणं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी किटली उंबऱ्याबाहेर जिन्यात ठेवली, परत आत आले आणि ड्रमच्या मागे हात घातला.

"बाबा गेले वाटतं," आतून केतकीचा आवाज आला. मग ती बारीकसं हसली. "दिवा तसाच ठेवून गेले. आयुष्यात पहिल्यांदा."

खोलीचं दार वीतभर उघडं होतं. मुरलीधरराव ड्रमशी वाकलेले होते तिथून त्यांना ती दिसत होती. बाळासाठी शेकलेली दुपटी तिच्या दोन्ही हातांवर होती. ती दाराशेजारच्या बटणाकडे वळली, आणि हात भरलेले होते म्हणून तिने कोपर उचललं. हिरव्या बांगड्या मागे सरकून खुळखुळल्या.

मी आत आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द त्यांना माहीत होते, याच घरात ऐकलेले होते. पण ते कोपर असं उचललेलं त्यांनी तिच्या लहानपणापासून पाहिलं होतं, आणि त्यावर त्यांच्या तोंडून कधी दुसरं काही निघालं नव्हतं.

"शाबास," मुरलीधरराव म्हणाले.

पॅसेजचं बटण खाली गेलं. चप्पल त्यांच्या हाताला लागली होती. दाराच्या फटीतून, केतकीच्या पाठीमागे, मोतिया पडद्याच्या खालच्या काठाला बोटभर ऊन लागलं.